शिलेदार, बारगीर आणि रायडिंग क्लब : सीमाभागातील मुलांच्या घोडेस्वारीची पार्श्वभूमी

बेळगाव सीमाभागातून घोडा कधीच नाहीसा झाला नाही. चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात आणि पुढे माउलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालतात. रिंगणात एका अश्वावर स्वार असतो, माउलींच्या अश्वाची पाठ मात्र मोकळी असते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत बालशिवाजी घोड्यावर बसतो आणि चिकोडी-रायबाग भागात घोडागाडीच्या शर्यतींना गर्दी लोटते. तरीही ज्याच्या घरी घोडा नाही, त्या मुलाने घोडेस्वारी शिकावी कुठे, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कशातही मिळत नाही.

मराठा लष्करात ते उत्तर होते. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. म्हणजे घोडा विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही स्वार होता येत असे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि बारगिराची ती वाट बंद झाली. हौसेची रपेट उरली ती छावणीतल्या साहेबांना आणि संस्थानिकांना.

मुलांसाठी स्वतंत्र संघटना ही कल्पना ब्रिटनमधली. तेथे १९२९ मध्ये ‘पोनी क्लब’ स्थापन झाला. सुरुवातीला तो बव्हंशी घरी तट्टू असणाऱ्यांचा, म्हणजे आपल्या भाषेत शिलेदारांचाच होता. पुढे रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर शिकणाऱ्या मुलांनाही त्यात जागा मिळाली, आणि माझ्या मते क्लबचे खरे मोल तिथूनच सुरू होते. त्याच्या परीक्षांत स्वारीइतकेच घोड्याच्या निगराणीला महत्त्व आहे. मुलाला आधी खरारा करावा लागतो, खुरातली माती काढावी लागते, मगच खोगीर चढते. तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात. म्हणून रिकिबीत पाय ठेवण्यापूर्वी तो पुन्हा तपासायचा असतो. हे विसरलेल्या मुलाला खोगीर एका कुशीवर घसरल्यावर ते कायमचे लक्षात राहते.

भारतात १९४८ मध्ये एनसीसी सुरू झाली. तिच्या रिमाउंट व व्हेटरनरी, म्हणजे घोडे व पशुवैद्यकाशी संबंधित, तुकड्यांतील छात्रांना घोडा सरकारी मिळतो, म्हणजे बारगिरीच ती. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत भारताने घोडेस्वारीत तीन सुवर्णपदके मिळवली, त्यांत लष्करी स्वारांचा वाटा मोठा होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेला फवाद मिर्झा मात्र लष्करातला नव्हे, बेंगळुरूमध्ये लहानपणापासून घोड्यावर बसलेला मुलगा. बेंगळुरू बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. अंकलीचे अश्व ज्या आळंदीला पायी पोहोचतात, ती त्याहून कितीतरी जवळ.