‘अंगावरून जातं’ म्हणजे नेमकं काय?

आरोग्य केंद्रात आलेली बाई आधी कंबरदुखी सांगते. मग दारात कुणी नाही ना ते पाहून आवाज खाली आणते: ‘अंगावरून पांढरं जातं. हातापायांत त्राणच राहत नाही.’ पुढे बहुधा जंतुसंसर्गाच्या गोळ्या लिहून मिळतात.

त्यामागे तर्क आहे. प्रयोगशाळा नसेल तिथे लक्षणांवरून उपचार करावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत १९९०च्या दशकात रूढ झाली. पांढरं जातं म्हणजे संसर्ग असणार, हे त्यात गृहीत होतं.

ते गृहीत गोव्यातच तपासलं गेलं. बार्देशातल्या हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरात १८ ते ५० वयाच्या २४९४ स्त्रियांची पाहणी झाली. मुलाखती घेतल्या, नमुने प्रयोगशाळेत तपासले. लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग शंभरात जेमतेम चौघींना निघाले. पांढरं जाण्याची तक्रार मात्र शंभरात चौदा-पंधराजणींची होती, आणि तिचं नातं जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट होतं.

मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा प्रश्न: हे कशामुळे होतं असं तुम्हाला वाटतं? तक्रार असलेल्यांपैकी ३६.६ टक्के जणींनी ताण आणि मनाचा त्रास सांगितला, ३५.२ टक्के जणींनी अंगातली उष्णता. संसर्ग म्हणणाऱ्या ३०.५ टक्के; काहींनी एकाहून जास्त कारणं सांगितली. संशोधकांना आकडेमोडीतून जे सापडलं, ते बऱ्याच जणी आपणहून सांगत होत्या. हा प्रश्न मानवशास्त्राचा, म्हणजे माणसांच्या समजुती आणि जगण्याच्या रीती अभ्यासणाऱ्या शास्त्राचा आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात तो वैद्यकात आणला.

पांढरं जाणं म्हणजे अंगातला कस जाणं, ही समजूत आपल्याकडे जुनी. ‘मी खचले आहे’ हे घरात बोलता येत नाही, ‘अंगावरून जातं’ हे बोलता येतं. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि खरोखर संसर्ग असेल तिला औषध हवंच.

मानवशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य एकत्र शिकण्याची सोय आहे. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठात दोन्ही पदव्या जोडीने घेता येतात. दिल्लीच्या जेएनयूत सामाजिक वैद्यकाचं, म्हणजे आजारांमागची सामाजिक कारणं अभ्यासणाऱ्या शाखेचं, स्वतंत्र केंद्र आहे. गोव्यातली मराठी-कोकणी बोलणारी मुलगी तिथे गेली, तर ‘उष्णता’ म्हणजे थर्मामीटरचा आकडा नव्हे, हे तिला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. २४९४ जणी कशा निवडायच्या, ते मात्र शिकावं लागेल.