गुन्हेपीडित साहाय्य सेवा (सोलापूर ग्रामीण)

गुन्ह्यामुळे शारीरिक, मानसिक किंवा आर्थिक हानी झालेल्या व्यक्तीला, आणि ती व्यक्ती मरण पावली असल्यास तिच्या पालकांना वा वारसांना, फिर्यादीपासून निकालापर्यंत मिळणारी वैद्यकीय, कायदेविषयक, आर्थिक आणि मानसिक मदत. सोलापूर जिल्ह्यात पोलिसांचे दोन विभाग आहेत. शहर पोलीस आयुक्तांकडे आहे आणि बाकीचा जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. त्यातले जेमतेम साडेनऊ लाख लोक सोलापूर महापालिकेच्या हद्दीत राहत होते. मदतीची मुख्य कार्यालये मात्र जिल्ह्याच्या गावी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदत देणारे), समाजकल्याण, महिला व बालविकास, बालकल्याण समिती, संकटातल्या महिलांसाठीचे सखी केंद्र ही सगळी सोलापुरात. करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, माळशिरसहूनही शंभराच्या पुढे. कागदावर पीडिताला बरेच हक्क आहेत. ते हाती पडतात की नाही, हे पुष्कळदा त्याच्या सोबत कोणी जाते का यावर ठरते.

पहिला संबंध पोलीस ठाण्याशी येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने फिर्याद नोंदवून घ्यायची असते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यायची आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवायचे, हेही बंधनकारक आहे. या जिल्ह्यात या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडांवर येतात. फडावर मारहाण किंवा अत्याचार झालेली बाई पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आपल्या गावी परतते. खटला उभा राहतो तेव्हा ती दुसऱ्या जिल्ह्यात असते. गावी गेल्यावर तिथल्या ठाण्यात फिर्याद देण्याची वाट तिला आता मोकळी आहे. साक्ष दूरचित्र माध्यमातून घेण्याची सोयही कायद्यात आहे.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडितावर तातडीने आणि मोफत उपचार करणे सरकारी व खासगी अशा सर्वच रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आधी पोलिसांचे पत्र आणा, असे सांगणे बेकायदा ठरते. गंभीर रुग्ण सहसा सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’मध्ये येतात. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाला जोडलेले आहे. सखी वन स्टॉप सेंटर ही केंद्राची योजना १ एप्रिल २०१५ पासून राबवली जाते. तिथे संकटातल्या महिलेला समुपदेशन, पोलीस व वकिलांची मदत आणि सुमारे पाच दिवसांचा निवारा मिळतो. जिला सासरी वा माहेरी, कुठेच परतता येत नाही, तिच्यासाठी पाच दिवस फार थोडे आहेत.

बालकांच्या बाबतीत कायदा अधिक बारकाईने विचार करतो. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे आणि समितीने मुलासोबत खटला संपेपर्यंत राहणारी आधारव्यक्ती नेमायची, अशी २०२० च्या नियमांत तरतूद आहे. मुलाला जबाबाची भाषा कळत नसेल तर दुभाषा देणेही आवश्यक आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घराघरांत कन्नड बोलली जाते, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर त्यांची गोरमाटी बोली. भेदरलेले मूल जे काही सांगते ते घरच्या बोलीत सांगते. शब्द नेमके उतरले नाहीत तर उलटतपासणीत त्याच जबाबावर बोट ठेवले जाते.

आर्थिक मदतीचे तीन मार्ग आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७ अ आले (आता नव्या संहितेचे कलम ३९६) आणि पीडितांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी राज्यावर आली. महाराष्ट्राची त्यासाठीची योजना २०१४ ची आहे. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याचे वारस विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. हे गावात फारच थोड्यांना ठाऊक असते. दुसरी मनोधैर्य योजना, २ ऑक्टोबर २०१३ पासूनची, बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी. तिची कमाल मदत पूर्वी तीन लाख होती, २०१७ मध्ये ती दहा लाखांपर्यंत नेली. तिसरा मार्ग अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य समाजकल्याण खात्यामार्फत टप्प्याटप्प्याने मिळते. शिवाय साक्षीसाठी येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळते. जातीचा दाखला वेळेवर नसला की रक्कम अडते.

या तिसऱ्या मार्गात एक मोठी फट आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, संशय राहिला. त्यांपैकीच कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो, सोलापुरात मात्र विमुक्त जातींत, म्हणजे त्या कायद्यातून मुक्त झालेल्यांच्या वेगळ्या यादीत. त्यामुळे सोलापूरच्या कैकाडी कुटुंबावर गावाने हल्ला केला तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्याला लागू होत नाही. ज्यांना ठाण्यात आरोपी म्हणूनच नेले गेले, त्यांनी फिर्यादी म्हणून त्याच ठाण्याची पायरी चढावी अशी अपेक्षा करताना हा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो.

गावपातळीवर पोलीस पाटील आणि तंटामुक्त समिती असते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. बांधाची, पाण्याच्या पाळीची, भावकीची भांडणे समितीपुढे मिटतात आणि ते चांगलेच आहे. पण विनयभंग किंवा मुलीवरचा अत्याचारही ‘गावातल्या गावात मिटवा’ म्हणून बैठकीत आणला जातो, तेव्हा पीडिताचा हक्कच मोडतो. असे गुन्हे तडजोडीचे नाहीतच. बार्शी, पंढरपूर व माळशिरस येथे सत्र न्यायालये असल्याने निदान तारखेसाठी प्रत्येकाला सोलापूर गाठावे लागत नाही. तरीही खटला वर्षानुवर्षे चालतो आणि साक्षीदार फितूर होतात. त्यांचे घर आरोपीच्या घराला लागून असते. साक्षीदार संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठीची योजना मान्य केली. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे तालुक्याच्या न्यायालयातच, करता येतो.

सरकारी योजनांच्या कितीतरी आधी या जिल्ह्यात अशा आधाराची एक परंपरा होती. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. लालशंकर उमियाशंकर हे त्याचे संस्थापक. फसवल्या गेलेल्या विधवा आणि टाकून दिलेली अर्भके यांना तिथे आसरा मिळे. पुढे ते नवरंगे बालकाश्रम म्हणून नावारूपाला आले. समाजाने जिला दोष दिला तिला दार उघडणारी ही संस्था, म्हणून या विषयात तिचा मान पहिला.

मालमत्तेच्या गुन्ह्यांत मात्र सेवा जवळजवळ नाही. विहिरीवरची मोटार व केबल, गोठ्यातली जनावरे चोरीला जाणे, किंवा द्राक्ष-डाळिंबाचा माल उचलून व्यापाऱ्याने पैसे बुडवणे, यात शेतकऱ्याचे वर्षच जाते आणि त्याला कुठल्याही योजनेत बसवता येत नाही. चोरीचा माल सापडला तरी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडतो. नव्या संहितेनुसार न्यायालयापुढे हजर केलेल्या मालाची यादी १४ दिवसांत करून, छायाचित्रे घेऊन, पुढच्या ३० दिवसांत त्याची विल्हेवाट लावण्याचा आदेश व्हायला हवा. त्यासाठी फिर्यादीने न्यायालयात ताब्याचा अर्ज द्यावा. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. इतर तातडीचे क्रमांक: पोलीस ११२, महिला १८१, बालके १०९८, विधी सेवा १५१००.