‘राखेचं सिमेंट’ ही भेसळ नव्हे

घर बांधायला काढलं की कुणीतरी सांगतंच, “पीपीसी घेऊ नका, त्यात राख मिसळतात. स्लॅबला ओपीसीच हवं.” ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं पोर्टलँड सिमेंट. राख म्हणजे भेसळ, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि तो चुकीचा आहे.

ही राख चुलीतली नव्हे. चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत दळलेला कोळसा जळतो, तेव्हा धुरातून पकडलेली ही पिठासारखी बारीक भुकटी. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो. एरवी तो काँक्रीटमध्ये नुसता पडून राहतो. राखेतली सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि त्यातून पुन्हा बांधून धरणारा पदार्थच तयार होतो. बारीक छिद्रं बुजतात, पाणी कमी झिरपतं. आयएस 1489 हे भारतीय मानक 15 ते 35 टक्के राखेला परवानगी देतं. गोणीवरचा मजकूर वाचा, प्रमाण तिथेच छापलेलं असतं. भेसळ करणारा असं छापेल का?

मग तक्रारी येतात कुठून? पीपीसीला ताकद सावकाश येते. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस 456 नुसार ओपीसीला किमान 7 दिवस, तर पीपीसीला 10 दिवस पाणी मारायचं असतं. कोरड्या उन्हाळ्यात आणखी. घाईने सेंट्रिंग काढलं, चौथ्या दिवशी पाणी थांबवलं, की तडे जातात आणि दोष राखेवर येतो.

राख वापरली तेवढं क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक, कमी लागतं, म्हणजे चुनखडी कमी खणावी लागते, कार्बनही कमी. खरेदीच्या यादीत नुसतं ‘सिमेंट’ न लिहिता प्रकार लिहा, आणि शेजारी पाणी मारायचे दिवसही.