सॉकेट जोडणीतील त्रुटी व त्यांचा शोध

दोन आज्ञावल्यांमध्ये (प्रोग्राम) जाळ्यावरून (नेटवर्क) संवाद सुरू करताना किंवा तो चालू असताना सॉकेटच्या पातळीवर उद्भवणाऱ्या दोषांना सॉकेट जोडणीतील त्रुटी म्हणतात. सॉकेट म्हणजे आयपी पत्ता (जाळ्यावरील यंत्राचा पत्ता) आणि पोर्ट क्रमांक (त्या यंत्रावरील नेमकी आज्ञावली ओळखणारा क्रमांक) यांनी ओळखले जाणारे संवादाचे टोक. १९८३ मधील ४.२ बीएसडी या कार्यप्रणालीतून ही रचना प्रसृत झाली आणि आजच्या बहुतेक भाषांतील सॉकेट-साधने तिच्यावरच उभी आहेत. त्यामुळे त्रुटीचे नाव भाषेगणिक बदलले, तरी कारण बहुधा कार्यप्रणालीत किंवा जाळ्यात सापडते. येथील उदाहरणे पायथन भाषेतील आहेत.

शोधाची सुरुवात त्रुटीचा क्रमांक नीट वाचण्यापासून व्हावी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ (लिनक्सवर १११, विंडोजवर १००६१) याचा अर्थ साधारणपणे असा की, त्या पत्त्यावरचे यंत्र जागे आहे, पण त्या पोर्टवर कोणीही ऐकत नाही. म्हणून त्याने जोडणीची विनंती स्पष्टपणे नाकारली. ‘टाइम्ड आउट’ (लिनक्सवर ११०, विंडोजवर १००६०) यात मात्र होकारही येत नाही आणि नकारही येत नाही : पत्ता चुकलेला असतो, यंत्र बंद असते किंवा वाटेतली फायरवॉल (नको असलेली वाहतूक अडवणारी व्यवस्था) विनंती गुपचूप टाकून देते. पहिल्या त्रुटीत सर्व्हर (पोर्टवर विनंत्यांची वाट पाहणारी आज्ञावली) चालू आहे का आणि पोर्ट बरोबर आहे का ते पाहावे. दुसऱ्या त्रुटीत वाट तपासावी. हा भेद न ओळखता सर्व्हरची आज्ञावली पुन्हापुन्हा बदलत बसण्यात फार वेळ वाया जातो. त्रुटी पकडून काहीही न छापता पुढे जाणारी आज्ञावली तर हा एकमेव धागाच तोडून टाकते.

नागपुरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १९२.१६८.१.२० या पत्त्यावर चालणारा सर्व्हर शेजारच्या संगणकावरून उत्तम प्रतिसाद देतो, पण विद्यार्थी मानेवाड्यातील घरी जाऊन तीच आज्ञावली चालवतो तेव्हा जोडणी होत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असून ते त्या-त्या इमारतीच्या जाळ्यापुरतेच खरे असतात. अधिक फसवा प्रकार असा की, घरच्या राउटरनेही हाच पत्ता एखाद्या मोबाइलला किंवा दूरचित्रवाणी संचाला दिलेला असू शकतो. मग नकार येतो, पण तो भलत्याच यंत्राकडून येतो आणि शोध चुकीच्या दिशेने जातो.

सर्व्हर १२७.०.०.१ या, यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी राखलेल्या पत्त्याशी बांधलेला (बाइंड केलेला) असेल, तर त्याच यंत्रावरून सर्व सुरळीत दिसते आणि बाहेरून नकार मिळतो. ०.०.०.० या पत्त्याशी बांधल्यास तो यंत्राच्या सर्व जाळे-मार्गांवर ऐकू लागतो. अर्थात तो इतरांनाही खुला होतो, याचे भान ठेवावे. लिनक्सवर ‘एसएस’ या आज्ञेने कोणता पोर्ट कोणत्या पत्त्याशी बांधला आहे ते कळते. ‘पिंग’ (यंत्र जाळ्यावर उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा) यशस्वी होणे हा पोर्ट खुला असल्याचा पुरावा नव्हे.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ (लिनक्सवर ९८) ही त्रुटी सर्व्हर थांबवून लगेच पुन्हा सुरू केल्यावर दिसते, कारण संपलेली जोडणी लिनक्समध्ये ६० सेकंद प्रतीक्षावस्थेत राहते. बाइंड करण्यापूर्वी पत्ता पुन्हा वापरण्याचा पर्याय लावल्यास ही अडचण दूर होते. मात्र जुनी आज्ञावली मागे चालूच राहिली असेल, तर तीच आधी बंद करावी लागते.

‘कनेक्शन रीसेट’ (लिनक्सवर १०४), म्हणजे समोरच्या बाजूने जोडणी अचानक तोडणे, ही त्रुटी जोडणी झाल्यानंतर येते आणि मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘नागपूर’ या शब्दाची लांबी पायथन ६ अशी सांगते, कारण त्यात काना आणि ऊकार धरून सहा चिन्हे आहेत. पण यूटीएफ-८ या, मजकूर बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे जाळ्यावरून १८ बाइट जातात. पाठवणाऱ्याने लांबी म्हणून ६ कळवली, तर घेणारा ६ बाइट वाचतो, त्याला केवळ ‘ना’ मिळते आणि तो संदेश संपला असे समजतो. उरलेले १२ बाइट न वाचताच त्याने सॉकेट बंद केले, तर लिनक्स समोरच्याला रीसेट पाठवते. पाठवणाऱ्याला दोष जाळ्याचा वाटतो, प्रत्यक्षात तो मोजणीचा असतो. इंग्रजी मजकुरात एक अक्षर एक बाइट घेत असल्यामुळे अशा मजकुरावर केलेल्या चाचणीत ही चूक उघडकीस येत नाही. म्हणून मजकुराचे आधी बाइटमध्ये रूपांतर करून मगच लांबी मोजावी, आणि एका वाचनात सगळे बाइट येतीलच असे न मानता ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत वाचत राहावे. मध्येच एखाद्या वाचनात एकही बाइट न मिळता रिकामे उत्तर हाती आले, तर समोरच्याने जोडणी रीतसर बंद केली आहे असे समजून वाचन थांबवावे.