हॅम रेडिओ: परीक्षा पास म्हणजे लायसन्स नव्हे

हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर स्वतःचं रेडिओ स्टेशन लावून इतर हौशींशी बोलणं, आणि त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. निकाल लागला की ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि बहाद्दर त्याच रात्री ऑनलाइन वॉकीटॉकी मागवतो. थांबा! परीक्षा पास झाल्यावर हातात येतं ते एएसओसी, म्हणजे स्टेशन चालवण्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र. लायसन्सचा अर्ज वेगळा, फी वेगळी. ते मिळून कॉल साईन, म्हणजे हवेवरची तुमची ओळख, हातात पडेपर्यंत सेट विकत घेऊन ठेवणं आणि बटण दाबून बोलणं, दोन्ही बेकायदा. विकणारी वेबसाइट हे सांगत नाही, तिला माल खपवायचाय.

हा सगळा कारभार केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसीकडे, म्हणजे वायरलेसचं नियोजन बघणाऱ्या शाखेकडे आहे. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचा. नावात सरल आहे, तेवढंच.

पात्रता साधी: भारतीय नागरिक आणि वय किमान १२. पदवी लागत नाही. ग्रेड दोन आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. नवख्यांनी रिस्ट्रिक्टेडच निवडावी. जनरलला मोर्स कोड, म्हणजे टिंब-रेघांची संदेशभाषा, लागतो, मिनिटाला ८ शब्द, घ्यायचे आणि पाठवायचेही. हौसेनं थेट जनरल भरून मोर्सवर अडकलेले बरेच जण बघितलेत. रिस्ट्रिक्टेडचं कॉल साईन व्हीयू३ने सुरू होतं, जनरलचं व्हीयू२ने. राजीव गांधींचं व्हीयू२आरजी होतं.

आता कागदपत्रं. फोटो, सही, ओळखीचा, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा. यादी छोटी, पण घोळ इथेच होतो. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, आणि पॅनवर वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. तपासणाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटली तर त्याला किती दोष देणार? अर्जात नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. एएसओसी आणि लायसन्सवर तेच उमटणार आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट आधीच स्कॅन करून ठेवावं. आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती अर्जाच्या आधी करा, मध्येच नको.

पत्त्याचं दुखणं वेगळं. आधार गावचं, राहणं पुण्यात भाड्याने, हे तर घरोघरी. लायसन्सवर स्टेशनचा पत्ता असतो, म्हणजे सेट आणि अँटेना जिथे असणार तो. गावचा पत्ता टाकून अर्ज पुढे सरकेलही, पण सेट पुण्याच्या फ्लॅटवर लावलात तर तो लायसन्समध्ये बसत नाही. राहत्या जागेचा पत्ता द्या, भाडेकरार नोंदणीकृत असू द्या.

परीक्षेची फी १०० रुपये. कागदावर मुंबईत दर महिन्याला, नागपुरात दोन महिन्यांनी परीक्षा. प्रत्यक्षात पोर्टलवर तारीख दिसेल तीच खरी, त्यामुळे अर्ज टाकून निवांत बसू नका, लॉगिन करून बघत राहा.

पेपरचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येकात ४० टक्के हवेत, पण एकूण ५०. म्हणजे दोन्हीकडे ४०-४० मिळवणारा नापासच! हे वाक्य लोक अर्धंच वाचतात. इंजिनिअर मंडळी ओहमच्या नियमावर विसंबून दुसऱ्या भागात आपटतात. क्यू कोड, म्हणजे क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत, पाठ करा; क्यूआरएम (दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा) आणि क्यूआरएन (नैसर्गिक खरखर) यांतला फरक विचारला जातो. हॅमवर धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं, गुप्त भाषेत संदेश देणं चालत नाही. लॉगबुक (झालेल्या संभाषणांची नोंदवही) आणि संकटसंदेशाचे नियमही वाचून जा.

पास झालात की त्याच पोर्टलवर लायसन्सचा अर्ज. २० वर्षांसाठी १००० रुपये, आजीवन हवं तर २०००. आजीवन म्हणजे वयाच्या ८० वर्षांपर्यंत. तिशीतल्या माणसाने सरळ आजीवन घ्यावं, नूतनीकरणाच्या फेऱ्या कोण मारणार? पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. अर्ज अडकला तर नवा भरू नका, आहे त्याच क्रमांकाचा पाठपुरावा करा. दुसरा अर्ज टाकला की दोन्ही लटकतात.

राहता राहिली सोसायटी. लायसन्स तुम्हाला गच्चीवर अँटेना लावायची परवानगी मिळवून देत नाही. सेक्रेटरींना आधी भेटा, खांब नंतर आणा.