मलयाळम चित्रपट : समाज, राजकारण व प्रयोगकला

मलयाळम चित्रपटाचा आरंभ जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’ या मूकपटापासून मानतात. त्याच्या प्रथम प्रदर्शनाच्या तारखेबाबत मतभेद आहेत. जुन्या लेखनात ७ नोव्हेंबर १९२८ ही तारीख आढळते. अलीकडचे अभ्यासक २३ ऑक्टोबर १९३० कडे झुकतात व तीच अधिक ग्राह्य वाटते. तिरुवनंतपुरमचे कॅपिटॉल चित्रपटगृह हे स्थळ मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. डॅनियल कळरिप्पयट्टू या युद्धकलेचे जाणकार होते आणि तिचा प्रसार हा त्यांच्या निर्मितीमागील एक हेतू होता. फाळके यांच्यापासून रुळलेली पौराणिक वाट सोडून त्यांनी सामाजिक कथानक घेतले, हे विशेष महत्त्वाचे. नायिका पी. के. रोझी ही काक्करिश्शी या लोकनाट्यप्रकारात काम करणारी दलित स्त्री. तिने नायर या सवर्ण जातीतील तरुणीची भूमिका केली म्हणून सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगडफेक केली. तिचे घरही जाळल्याचे सांगतात. तिला प्रांत सोडावा लागला. हा अन्याय पुढे कित्येक दशके चित्रपटेतिहासात नोंदलाही गेला नाही.

जातिप्रश्न कथेच्या केंद्रस्थानी ठळकपणे आला तो ‘नीलक्कुयिल’ (१९५४) मध्ये. दलित स्त्री व नायर शिक्षक यांच्या संबंधातून जन्मलेले मूल गावातला पोस्टमन वाढवतो. के. राघवन यांनी या चित्रपटाच्या संगीतात लोकगीतांचा व माप्पिळा पाट्टू या केरळी मुस्लिमांच्या गीतप्रकाराचा बाज आणला.

डाव्या चळवळीचा धागा रंगभूमीकडून आला. केरळ पीपल्स आर्ट्स क्लब या डाव्या नाट्यसंस्थेने तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ (तुम्ही मला कम्युनिस्ट केले) हे नाटक १९५२ मध्ये रंगमंचावर आणले. १९५७ मध्ये केरळात साम्यवादी मंत्रिमंडळ सत्तेवर आले. नाटकाचा चित्रपट १९७० मध्ये झाला. अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘मुखामुखम’ (१९८४) मधील पक्षनेता अज्ञातवासातून परततो तो मद्यात बुडालेला, झोपाळू, अबोल. कार्यकर्ते मात्र जुन्याच नेत्याला शोधत राहतात. अडूर यांच्याच ‘एलिप्पत्तायम’ (१९८१) मध्ये मोडकळीस आलेल्या तरवाडातला (नायरांच्या वडिलोपार्जित घराण्यातला) अखेरचा पुरुष बहिणींच्या कष्टांवर जगतो.

प्रयोगकलांपैकी कथकलीला ‘वानप्रस्थम’ (१९९९) मध्ये प्रमुख स्थान मिळाले. जयराज यांच्या ‘कळियाट्टम’ (१९९७) मध्ये शेक्सपिअरचा ऑथेल्लो उत्तर मलबारमधील तेय्यम कलावंत होतो. तेय्यममध्ये खालच्या मानलेल्या जातीचा कलावंत मुखलेपन व मुकुट धारण करून देवता होतो आणि सवर्णही त्याच्यापुढे हात जोडतात. वेश उतरला की जुनी उतरंड परत येते. रूपांतराचे बळ या विसंगतीत आहे.