डीमन
युनिक्स वळणाच्या संगणकांत पडद्याआड अखंड चालणारा, कोणत्याही टर्मिनलला (आज्ञा टंकायच्या खिडकीला) न बांधलेला प्रोग्राम.

‘डिस्क अँड एक्झिक्यूशन मॉनिटर’ची आद्याक्षरे म्हणजे डीमन, असा खुलासा वारंवार आढळतो; तो मागाहून जुळवलेला दिसतो. एमआयटीतील ‘प्रोजेक्ट मॅक’ या संगणक-संशोधन प्रकल्पाच्या गटाने १९६३ च्या सुमारास आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करताना भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या, रेणू निवडून वेगळे करणाऱ्या काल्पनिक दूतावरून हे नाव घेतले, ही त्या गटातील फर्नांडो कॉर्बाटो यांची माहिती अधिक ग्राह्य वाटते. दूताची कल्पना मॅक्सवेलची, १८६७ ची. त्याला ‘डीमन’ म्हटले ते विल्यम टॉमसन यांनी, १८७४ मध्ये. ‘राक्षस’ हा प्रतिशब्द त्यामुळे चुकीच्या वाटेने नेतो. मूळ ग्रीक ‘दायमॉन’ दुष्टच असे असे नाही. बेळगावचा घाट उतरला की कोकण-गोव्यात भेटणारा, न दिसता हद्द सांभाळणारा ‘राखणदार’ त्याला जवळचा. बेळगाव-निपाणीकडे बोलताना मात्र ‘सर्व्हिस’ म्हटले की भागते.

डीमनमधील फेरी, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा भाग, लिहिणे सोपे. अवघड असते ते थांबणे. उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत भट्टीचे तापमान दर पाच मिनिटांनी फाइलीत उतरवणारा पायथन प्रोग्राम घेऊ. वीज जाऊन यूपीएसची बॅटरी उतरू लागली की संगणक स्वतःला बंद करू लागतो आणि प्रोग्रामला ‘आता संप’ असे सांगणारा सिगटर्म (क्र. १५) हा सिग्नल धाडतो. हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारा प्रोग्रामचा भाग, लिहिलेला नसेल तर प्रोग्राम जागीच संपतो. नोंद अर्धी लिहून झाली असेल तर अर्धीच राहते. हँडलरने फक्त ‘थांबायचे आहे’ अशी खूण करावी आणि फेरीने ती पाहून फाइल मिटावी. सी भाषेत ही खूण एका दमात लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या ‘व्होलाटाइल सिग_अ‍ॅटॉमिक_टी’ प्रकारची ठेवतात. तेथे हँडलरमध्ये प्रिंटएफ (मजकूर छापणारे फंक्शन) वापरू नये: मुख्य प्रोग्राम त्याच क्षणी मॅलॉकचे (स्मृती मागणाऱ्या फंक्शनचे) कुलूप धरून बसला असेल, तर दोघेही अडकतात.

खरी मेख झोपेत, म्हणजे दोन नोंदींमधल्या थांब्यात आहे. पायथन ३.५ पासून हा थांबा घेणारे टाइम.स्लीप फंक्शन हँडलर आटोपल्यावर उरलेली झोप पूर्ण करते. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची थांबण्यासाठीची मूळ मुदत ९० सेकंदांची, झोप ३०० ची, खूण झालेली असूनही ती पाहिली जाण्याआधी सक्तीने संपवणारा सिगकिल (क्र. ९) येऊ शकतो, आणि तो अडवता येत नाही. झोपेचे एकेका सेकंदाचे तुकडे पाडून दर तुकड्यानंतर खूण तपासणे, हा साधा उपाय पुरतो.

सिगहप (क्र. १) मूळचा टर्मिनलची लाइन तुटल्याचा इशारा. डीमनला टर्मिनलच नसल्याने तो सेटिंग्जची फाइल पुन्हा वाचण्यासाठी वापरण्याची रीत पडली.